सोडवायचं काय, सोडायचं काय : चौदा वर्षांनी प्रवेश परीक्षेला बसलेल्या एका बाईंचं प्रकरण

हे प्रकरण जून २०२३ ते ऑगस्ट २०२४ या काळातलं. ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीने लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वरळीच्या अभ्यास गल्लीत बसणारी पोरं त्यांना 'ताई' म्हणायची, म्हणून इथेही ताईच. माझा संबंध एवढाच, की बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी रविवारी सकाळी त्या गल्लीत बँकेच्या परीक्षा देणाऱ्या मुलांना अंकगणित सांगतो. मॅनेजमेंटच्या परीक्षांमधलं मला फारसं कळत नव्हतं. त्याची किंमत ताईंनी मोजली. ती कुठे मोजली ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

ताईंचं वय तेव्हा ३५. शाळा मराठी माध्यमाची. २००९ साली बी.कॉम., सेकंड क्लास, ५४ टक्के. निकालानंतर महिन्याभरातच बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात चिकटल्या. बाहेरून येणारा माल न्हावा शेवा बंदरात उतरला की त्याचे कागद तयार करायचे, कस्टमची ड्युटी काढायची, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचं कस्टमकडे द्यायचं विवरणपत्र) भरायची आणि माल सुटेपर्यंत फोन करत राहायचं. टायपिंगपासून सुरुवात करून त्या आयातीच्या कागदपत्रांच्या प्रमुख झाल्या. पुढची खुर्ची ऑपरेशन्स मॅनेजरची.

मे २०२३ मध्ये ती खुर्ची २८ वर्षांच्या एका मुलाला मिळाली. बिल ऑफ एंट्री कशी वाचायची हे त्या मुलाला ताईंनीच शिकवलं होतं. मालक माणूस म्हणून वाईट नाही. त्याने सरळ सांगितलं, "तुमच्याकडे एमबीए असतं तर मला पार्टनर लोकांपुढे तोंड उघडता आलं असतं."

घर बीडीडी चाळीत. १६० चौरस फुटांची खोली आणि माणसं पाच: ताई, शिफ्टमध्ये काम करणारा नवरा, सासू, सासरे आणि पाचवीतला मुलगा. पाणी पहाटे येतं. ते भरायचं काम लग्नापासून ताईंचं. खोलीत अभ्यास करायचा म्हटलं तर रात्री अकराला टीव्ही बंद झाल्यावर, तोही सासऱ्यांच्या डोळ्यांवर उजेड येणार नाही अशा बेताने.

अभ्यास गल्ली म्हणजे बीडीडी चाळींजवळचा एक रस्ता. घरात जागा नाही म्हणून कित्येक पिढ्या तिथे दिव्यांखाली बसून शिकल्या. बारावीच्या वर्षी ताईही तिथेच बसायच्या. जूनमधल्या एका रविवारी त्या पुन्हा आल्या, माझ्या घोळक्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि शेवटी विचारलं, "सर, माझ्या वयाची माणसं बसतात का परीक्षेला?" कॅटला (आयआयएमसारख्या संस्थांची देशभरची प्रवेश परीक्षा) आणि महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीला (राज्यातल्या कॉलेजांची प्रवेश परीक्षा) वयाची अट नाही, पदवीला ५० टक्के लागतात, एवढं मला ठाऊक होतं. ते सांगितलं. ५४ टक्के आहेत म्हटल्यावर त्या बाकावर बसल्या.

पहिला निर्णय : कुठली परीक्षा

इथे आमच्याकडून चूक झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताईंपुढे तीन वाटा होत्या. एक, कॅट. त्याच ऑगस्टमध्ये संसदेत विधेयक मंजूर झालं आणि पवईच्या 'नीटी' या संस्थेचं आयआयएम मुंबई झालं. गल्लीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. आयआयएम आता घरापासून बसच्या अंतरावर आहे हे ऐकल्यावर कुणाचाही जीव हलेल. दोन, सीईटी. तिच्यावर जमनालाल बजाज, सिडनहॅमसारख्या चर्चगेटच्या सरकारी आणि विद्यापीठाच्या संस्था मिळतात, शिवाय खासगी कॉलेजं. तीन, मुंबई विद्यापीठाचे नोकरदारांसाठीचे संध्याकाळचे तीन वर्षांचे अभ्यासक्रम: मार्केटिंगचा एमएमएम, फायनान्सचा एमएफएम वगैरे. ताई रोज संध्याकाळी घरी निघायच्या त्या वेळी चर्चगेटला पाठीवर बॅग लावलेली तिशी-चाळिशीतली माणसं त्या वर्गांना जात असायची. त्यांना हे माहीत होतं. पण तिसरी वाट आम्ही दोघांनीही गंभीरपणे पाहिलीच नाही. त्यांना वाटायचं, 'पार्ट-टाइम' म्हटलं की मालक पुन्हा नाक मुरडेल. मला वाटलं, माणूस इतक्या उमेदीने आलाय तर मोठ्याच परीक्षेला बसू दे.

कॅट आणि सीईटीच्या पहिल्या पानावर न लिहिलेला एक प्रश्न असतो: दोन वर्षं पगार सोडता येईल का? ताईंचा पगार ५२ हजार, नवऱ्याचा त्याहून कमी. मुलाची शाळा, सासऱ्यांची औषधं. हा प्रश्न जूनमध्ये घरात बसून विचारायला हवा होता. तो विचारला गेला पुढच्या जूनमध्ये. ताईंचं म्हणणं होतं, "आधी मार्क पडू देत, मग बघू." मी बँकेत कर्ज मंजूर करणारा माणूस, परतफेडीची सोय बघितल्याशिवाय कागद पुढे सरकवला नाही कधी. इथे मात्र मान डोलावली.

ऑगस्टमध्ये २,४०० रुपये भरून कॅटचा फॉर्म गेला.

क्लासचे सहा आठवडे

दादरच्या एका क्लासची शनिवार-रविवारची बॅच ताईंनी लावली. तो भाग लवकर संपवतो, कारण तोही लवकर संपला. बॅचमधली मुलं वीस-एकवीस वर्षांची. शिक्षक हुशार, पण प्रत्येक धड्याची सुरुवात "हे तर तुम्ही दहावीत केलंय" अशी. ताईंची दहावी २००४ सालची. सहाव्या आठवड्याला त्यांनी जाणं बंद केलं. फीचा दुसरा हप्ता भरला नव्हता, ते बरं झालं.

एक गोष्ट मात्र त्या वर्गात लक्षात आली, आणि मराठी माध्यमातून आलेल्या कुणालाही ती उपयोगी पडेल. शिक्षक 'एलसीएम' म्हणाले की ताईंच्या डोक्यात काहीच उजळायचं नाही. गल्लीत मी 'लसावि' म्हटलं आणि त्यांनी तोंडी करून दाखवला. 'रेशो'ला गुणोत्तर, 'कंपाउंड इंटरेस्ट'ला चक्रवाढ व्याज, 'टाइम अँड वर्क'ला काळ-काम-वेग. माहीत सगळं होतं, फक्त दुसऱ्या नावाच्या खणात होतं. आम्ही एका वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन्हीकडची नावं लिहिली. जेमतेम ४० शब्द भरले. ते पान महिनाभर खोलीतल्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं होतं.

टक्केवारीचीही तीच गंमत. किंमत आधी २० टक्के वाढली, मग २० टक्के घटली तर एकूण फरक किती, हे गणित त्यांनी क्ष धरून पाऊण पान भरून सोडवलं आणि तरी चुकवलं. मी विचारलं, "ताई, शंभर रुपयांच्या मालावर १० टक्के बेसिक ड्युटी आणि १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, असेल तर एकूण ड्युटी किती?" क्षणही गेला नाही: "३०.९८." कसं? १० रुपये ड्युटी, तिच्यावर १० टक्के सरचार्ज म्हणजे १ रुपया, झाले १११, त्यावर १८ टक्के म्हणजे १९.९८. टक्क्यांवर टक्के चढवण्याचं हे काम त्या १४ वर्षं रोज करत होत्या. "मग आता ते वीस टक्के शंभरावरच धरा," म्हटलं. १२०, त्यातून २४ गेले, ९६. चार टक्के घट. त्या स्वतःशीच हसल्या आणि म्हणाल्या, "हे तर ऑफिसातलंच आहे की."

खरी अडचण

सप्टेंबरपर्यंत मी समजत होतो की अडचण गणिताची आणि इंग्रजीची आहे. ऑगस्ट अखेरच्या पहिल्या सराव परीक्षेचा कागद नीट पाहिला तेव्हा वेगळंच दिसलं.

त्या वर्षी कॅटला ६६ प्रश्न होते: इंग्रजीचे २४, लॉजिक आणि डेटाचे २०, गणिताचे २२. प्रत्येक भागाला ४० मिनिटं, आणि एका भागातून दुसऱ्यात जाता येत नाही. बरोबर उत्तराला तीन गुण. पर्यायी प्रश्न चुकला तर एक गुण वजा. ताईंनी ६६ पैकी १७ प्रश्न केले, त्यातले १३ बरोबर. म्हणजे हात लावला ते बहुतेक बरोबर होतं. लॉजिकच्या भागात एका संचावर (एकाच माहितीवर आधारलेले पाच प्रश्न) त्यांनी ४० पैकी २७ मिनिटं घालवली. त्यातले पाचही प्रश्न बरोबर आले. उरलेले संच त्यांनी वाचलेही नव्हते.

मी म्हटलं, "दहा मिनिटांनी उठून पुढच्याकडे का नाही गेलात?"

"अर्धवट टाकून?"

हे उत्तर त्यांनी ज्या सुरात दिलं त्यात सगळं आलं. बिल ऑफ एंट्रीत मालाचं वर्गीकरण एका आकड्याने चुकलं तर दंड बसतो, मालक ओरडतो, गोदामात माल पडून राहतो. अशा टेबलावर १४ वर्षं बसलेल्या माणसाला हातातला कागद अपुरा ठेवून दुसरा उचलायचा नसतो. ऑफिसात हा गुण आहे, त्याच्यावरच त्या प्रमुख झाल्या. परीक्षेत तोच गुण आडवा येत होता. मराठीत सोडवणं आणि सोडणं यांत एका अक्षराचं अंतर आहे. पहिलं त्यांना येत होतं. दुसरं कॉलेजात असताना थोडं येत असेल, नोकरीने ते पुसून टाकलं.

पुष्कळ वर्षांनी अभ्यासाला बसलेल्या माणसांबद्दल आपण 'विसर पडलाय', 'सवय गेली' असं म्हणतो. माझ्या मते ताईंच्या बाबतीत उलटं होतं. नवी सवय फार घट्ट बसली होती.

काय केलं

पहिलं, वेळ आणि जागा. हे घरातच ठरायला हवं होतं, आणि ते ठरवून घेणं ताईंना कुठल्याही गणितापेक्षा जड गेलं. नवऱ्याने पाणी भरायचं कबूल केलं. शिफ्ट पहाटेची असेल त्या दिवशी सासूबाईंनी. सासूबाईंच्या गुडघ्यांची तक्रार, तरी त्या कबूल झाल्या, मात्र पहिले दोन आठवडे बादल्यांचा आवाज जरा जास्तच यायचा असं ताई सांगतात. पहाटे पाच ते सात गल्लीत, रविवारी चार तास. ऑफिसच्या दिवसांत रात्री अभ्यास नाही. मी तीन तासांचा आग्रह धरत होतो, ताई दोनावर ठाम राहिल्या. त्यांचंच बरोबर ठरलं: त्या दोन तासांचा एकही दिवस गणपतीपर्यंत चुकला नाही.

दुसरं, सासरे. ते मिलमध्ये होते, १९८२ च्या संपानंतर मिळेल ते काम करत राहिले. त्यांना शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवाईकी, दिडकी हे पाढे घोकून घेतलेले. सून आकडेमोडीत अडकतेय हे कळल्यावर ते संध्याकाळी चहा घेताना नातवाला आणि सुनेला एकत्र सवाईकी, म्हणजे सव्वा पटीचा पाढा, म्हणायला लावू लागले: बाराचे पंधरा, सोळाचे वीस, चोविसाचे तीस. कॅटला पडद्यावर कॅल्क्युलेटर असतो, तेव्हा तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही. सीईटीला कॅल्क्युलेटर नसतो. तिथे झाला.

तिसरं, इंग्रजी. कस्टमची परिपत्रकं वाचून वाचून लांबलचक वाक्यांची भीती ताईंना नव्हतीच. अडचण विषयांची होती. कलेचा इतिहास, तत्त्वज्ञान, कुठल्या तरी बेटावरचे पक्षी. "याच्याशी माझा काय संबंध" असं मनात आलं की डोळे ओळींवरून नुसते घसरायचे. रोज एक उतारा वाचून मुलाला तो मराठीत तीन वाक्यांत सांगायचा, असं ठरवलं. पाचवीतल्या मुलाला पटेल असं सांगायचं तर आधी स्वतःला कळावं लागतं. मुलगा प्रश्न विचारायचा: "मग तो माणूस बरोबर होता की चूक?" परीक्षेतही बऱ्याचदा तेच विचारतात, लेखकाचा कल कुणीकडे आहे.

चौथं, 'सोडायची वही'. ही कल्पना पूर्ण ताईंची, आणि या प्रकरणातलं माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचं. बंदरात कंटेनर आत आला की गेट-इनची वेळ लिहितात, बाहेर पडला की गेट-आउटची. शिपिंग लाइन ठरावीक दिवस कंटेनर फुकट वापरू देते, त्यांना फ्री डेज म्हणतात. त्यानंतर रोजचा डिटेन्शन चार्ज चालू. ताईंनी सराव परीक्षेच्या प्रत्येक प्रश्नाला तसेच रकाने आखले: प्रश्न क्रमांक, गेट-इन, गेट-आउट, फ्री टाइम, डिटेन्शन. गणिताच्या प्रश्नाला फ्री टाइम दोन मिनिटं. त्यापुढचा प्रत्येक सेकंद लाल शाईने. परीक्षा संपल्यावर लाल शाईची बेरीज. पहिल्या पानावर ती ३१ मिनिटं निघाली. "सर, एवढं डिटेन्शन मी पार्टीला लावलं असतं तर मालकाने मला काढून टाकलं असतं," असं म्हणत त्यांनी ती बेरीज दोनदा गोल केली.

'प्रश्न सोडा' असं मी महिनाभर सांगत होतो आणि ते त्यांना कामचुकारपणा वाटत होतं. 'डिटेन्शन लागतंय' म्हटल्यावर तीच गोष्ट हिशेबीपणाची झाली.

कॅटचा दिवस

गणपती १९ सप्टेंबरला आले आणि अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस अभ्यास शून्य. चाळीत दुसरं काही होऊच शकत नाही, आणि ते धरूनच चालायला हवं होतं. मी धरलं नव्हतं. लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, म्हणजे परीक्षेच्या बरोबर दोन आठवडे आधी. फराळाचं सासूबाईंनी आणि शेजारच्या काकूंनी वाटून घेतलं. ताईंकडे फक्त करंज्या आल्या, आणि त्या कातताना मुलगा त्यांना पाढे विचारत होता.

२६ नोव्हेंबरला कॅट झाली. डिसेंबरात निकाल आला: ५८ पर्सेंटाइल, म्हणजे बसलेल्या शंभरांतले ५८ जण त्यांच्या मागे. गणित बरं होतं. लॉजिकच्या भागात पुन्हा एका संचाने वीसेक मिनिटं खाल्ली होती. वहीची सवय लागून जेमतेम आठ आठवडे झाले होते, १४ वर्षांच्या सवयीपुढे ते कमीच पडले.

दुसरा निर्णय : थांबायचं की सीईटी द्यायची

निकालानंतरच्या रविवारी ताई आल्या नाहीत. त्यापुढच्या रविवारी आल्या, पुस्तकं परत द्यायला.

थांबण्याच्या बाजूने बरंच होतं. घर सहा महिने ओढाताणीत होतं. ऑफिसात मार्चअखेरची गर्दी येणार होती. नवऱ्याने "बस कर" असं म्हटलं नव्हतं, पण "अजून किती?" विचारलं होतं, आणि तो प्रश्न रास्त होता. दुसऱ्या बाजूला फक्त वही होती. तिच्यात लाल शाईची बेरीज ३१ वरून नोव्हेंबरच्या शेवटच्या सरावात १२ वर आलेली. मी ती पानं उलटून दाखवली. पुढे काय करावं ते सांगितलं नाही. थोडा वेळ बसून त्या म्हणाल्या, "मार्चपर्यंत. मग काहीही होवो, पाणी मी भरणार."

सीईटीचा घाट वेगळा. १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे एकाला ४५ सेकंद. लॉजिकल रीझनिंगचे ७५, आकृत्यांचे २५, गणिताचे ५०, इंग्रजीचे ५०. भागांना वेगळी वेळ नाही, कुठूनही कुठेही जाता येतं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न रिकामा ठेवण्यात अर्थ नाही.

जानेवारीतल्या पहिल्या सरावात ताईंनी ८२ प्रश्न रिकामे ठेवले.

मी चकित झालो. "वेळ संपत आला की उरलेल्यांवर नुसत्या खुणा करायच्या. चुकलं तर काहीच जात नाही."

"न वाचता?"

"न वाचता."

"सर, न वाचता मी आजपर्यंत कशावर सही केलेली नाही."

हा वाद दोन रविवार चालला. मला आधी तो हट्ट वाटला. नंतर कळलं, की ज्या गुणामुळे मालक त्यांच्या टेबलावरून आलेला कागद न बघता पुढे पाठवतो तो गुण त्या माझ्या सांगण्यावरून परीक्षेपुरता बाजूला ठेवणार होत्या. असं काही माणूस सहजासहजी करत नाही. शेवटी मी बँकेतलं उदाहरण दिलं: दिवसअखेरीला रोकड जुळेना तर आपण हिशेब कोरा ठेवून घरी जात नाही, फरकाची रक्कम सस्पेन्स खात्याला टाकून दिवस बंद करतो. तिथे सही असतेच. ताईंनी विचार करून शेवटची सात मिनिटं 'सस्पेन्स'साठी राखली. त्याआधी एकाही प्रश्नावर आंधळी खूण नाही, ही त्यांची अट. मी मान्य केली.

फेब्रुवारीअखेर त्या दीडशेच्या आसपास प्रश्न वाचून करू लागल्या. आकृत्यांचा भाग कधीच पाहिलेला नव्हता, तरी त्यांना तोच सर्वांत आवडला. का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

नावाचा घोळ

परीक्षेच्या चार दिवस आधी एक गोष्ट उघडकीला आली. फॉर्म दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे माहेरच्या नावाने भरलेला, आणि आधार कार्ड सासरच्या नावाने. हॉल तिकिटावर एक नाव, ओळखपत्रावर दुसरं. कॅटच्या वेळी जुन्या पॅन कार्डावर निभावलं होतं, मध्यंतरी तेही बदलून घेतलं होतं. नाव बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र सोबत लागतं. दाखला काढलेला होता, पण तो गावच्या घरी, सावंतवाडीजवळ. दिराने रात्रीच्या बसने येणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला आणि ताई सकाळी साडेसहाला दादरला जाऊन घेऊन आल्या. परीक्षेच्या गेटवर तो खरोखरच मागितला. लग्नानंतर नाव बदललेल्या आणि पुष्कळ वर्षांनी परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक बाईने फॉर्म भरायच्या आधी सगळे कागद एका ओळीत मांडून नावं वाचून घ्यावीत.

परिणाम

त्या वर्षीची सीईटी ९ ते ११ मार्च २०२४ या दिवसांत झाली. ताईंनी २०० पैकी २०० खुणा केल्या, पैकी १५६ वाचून. ९३ पर्सेंटाइलच्या थोडं वर आल्या. जमनालाल बजाजला हे पुरत नाही, ते आधीच ठाऊक होतं. नवी मुंबईतल्या एका खासगी कॉलेजात पूर्णवेळ जागा मिळण्याइतकं होतं.

आणि मग जूनमध्ये, वर्षभर उशिरा, तो प्रश्न आला. दोन वर्षं पगार नाही, वर फी. घरातल्या पाचही माणसांनी त्यावर मत दिलं, मुलाने धरून. माझं मत पूर्णवेळच्या बाजूने होतं: दिवसाचं शिक्षण वेगळं, कॅम्पसवरून नोकरी मिळते, इतकं केलंत तर पुरतं करा. ताईंनी वही काढली आणि मागच्या पानावर हिशेब मांडला. दोन वर्षांचा पगार साडेबारा लाखांच्या घरात, फी वेगळी, ३८ व्या वर्षी कॅम्पसवर उभं राहायचं ते २३ वर्षांच्या मुलांच्या रांगेत. खाली लिहिलं होतं: 'डिटेन्शन.'

दक्षिण मुंबईतल्या एका संस्थेच्या संध्याकाळच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला त्यांनी अर्ज केला. तिथे संस्थेची स्वतःची लेखी चाचणी, गटचर्चा आणि मुलाखत झाली. चाचणी त्यांना सोपी गेली. मुलाखतीत विचारलं, ऑफिसात घेतलेला एखादा अवघड निर्णय सांगा. ताईंनी बंदरात अडकलेल्या मालाची गोष्ट सांगितली. वीस मिनिटं समितीच विचारत राहिली. ऑगस्टपासून वर्ग सुरू झाले. ऑफिसने साडेपाचला निघायची मुभा दिली आहे. ऑपरेशन्स मॅनेजर अजून तोच मुलगा आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, क्रम. नोकरी सोडणार की नाही हे पहिल्या आठवड्यात ठरलं असतं तर कॅटचे सहा महिने वाचले असते, आणि संध्याकाळचा अभ्यासक्रम कदाचित एक वर्ष आधी सुरू झाला असता. याची जबाबदारी बरीचशी माझी. आयआयएमच्या बातमीने मीच जास्त हुरळलो होतो. ताईंना हे मान्य नाही. त्यांच्या मते कॅटमध्ये आपटल्याशिवाय वही झाली नसती, आणि वहीशिवाय चाचणीही झाली नसती. असेल. पण मी दुसऱ्या कुणाला हा खर्चिक रस्ता सुचवणार नाही.

सराव परीक्षा जूनमध्येच, काहीही न वाचता, द्यायला हवी होती. आम्ही 'आधी अभ्यास, मग सराव' केलं आणि अडचण गणिताची नाही हे कळायला ऑगस्ट अखेर उजाडली.

सणांचे दिवस कॅलेंडरवर आधीच खोडून ठेवायला हवे होते. ते गेले याचं दुःख नाही, पण ते जाणार नाहीत असं धरून केलेलं वेळापत्रक दर वेळी कोलमडलं आणि ताईंना वाटत राहिलं की आपण मागे पडतोय.

पूर्णवेळ की संध्याकाळ, या मुद्द्यावर आमचं अजून जुळलेलं नाही. मागच्या महिन्यात त्या गल्लीत आल्या होत्या, नेहमीच्या बाकावर कॅटच्या अभ्यासाला बसलेल्या एका पोराला पुस्तकं द्यायला. त्याने वहीही मागितली. ती त्यांनी दिली नाही, रकाने मात्र त्याच्या वहीत आखून दिले आणि बजावलं, "पहिल्या पानावरची बेरीज कुणाला दाखवू नकोस." बाकाच्या दुसऱ्या टोकाला मी बसलो होतो.